ड्रायरवर पोती का पडली?

पत्र असं आहे :

"ताई, नमस्कार. नाव छापू नये. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. वय २७, मेकॅनिकलचा डिप्लोमा, चार वर्षं चाकणला कंपनीत होतो. आईच्या दुखण्यामुळे परत आलो. बाबांची मिनी दाल मिल आहे, वीस वर्षांपासून. शेतकऱ्यांची तूर भरडून द्यायची, भरडाई घ्यायची, थोडी आपली डाळ विकायची. मी आल्यावर दोन गोष्टी नवीन केल्या. अवकाळी पावसात दरवर्षी माल भिजतो म्हणून कर्ज काढून अडीच लाखांचा विजेवरचा ड्रायर आणला. आणि अर्ध्या किलोची रंगीत पाकिटं छापून घेतली. ड्रायरमधल्या पहिल्या दोन लॉटमध्ये इतका तुकडा पडला की दोन शेतकरी भांडायला आले, बाबांनी घरची डाळ देऊन त्यांना शांत केलं. मग थर्मोस्टॅट बिघडला, नागपूरहून माणूस यायला अकरा दिवस लागले. आता ड्रायरवर रिकामी पोती पडलेली असतात. बाबा म्हणतात, 'उन्हाले काई पैसे लागत नाई.' कामावर पाच बाया आहेत, त्या मशीनला हात लावत नाहीत. पाकिटं गावात कोणी घेतली नाहीत. इथे नवीन काही रुजतच नाही, लोकांची मानसिकताच तशी आहे. मिल विकून नागपूरला जावं का?"

तू मला ताई म्हटलंस, म्हणून अरे-तुरे करते. राग मानू नकोस.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एक गोष्ट शोधत होते, ती सापडली नाही. ड्रायर आणण्याआधी त्या पाच बायांपैकी एकीला तरी तू विचारलंस का, की मावशी, तूर वाळली हे तुम्ही कशावरून ओळखता? पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच येतो, आणि तोही तक्रारीत. वीस वर्षांची मिल आहे, म्हणजे त्यातली एखादी तरी पंधरा-सोळा वर्षं तूर हाताळत असणार. अशा बाया मी पुष्कळ पाहिल्या आहेत. दाणा उचलतात, दाढेखाली धरतात. टक्क वाजला तर गोळा करा म्हणतात, दबला तर अजून एक ऊन द्या म्हणतात. एकीला मी विचारलं होतं, हे मालकाला सांगता का? ती म्हणाली, "आमाले कोन इचारते बाई?"

आता तुकडा का पडला ते बघू, कारण तुझ्या सगळ्या पत्राची गाठ तिथेच आहे. तुरीचं टरफल आणि आतली दळं यांच्यामध्ये डिंकासारखा थर असतो. हरभऱ्यापेक्षा तो फार चिवट. म्हणून आमच्या आजीच्या वेळी तूर रात्रभर भिजवायची, लाल माती चोळायची, उन्हात टाकायची आणि मग जात्यावर भरडायची. तुझ्या मिलमध्ये कुरुंद दगडाच्या खरखरीत रोलरवर दाण्याला ओरखडे पाडतात, तेलाचा हात देतात, दिवसा स्लॅबवर ऊन देतात आणि संध्याकाळी रास करून ताडपत्रीखाली झाकतात. दुसऱ्या दिवशी परत पसरायचं. ही रात्रीची रास तुला बहुतेक पावसापासूनची राखण वाटली असेल. पण त्या रात्रीत दाण्याच्या आतला ओलावा बाहेरच्या कोरड्या भागाकडे सरकतो, सगळा दाणा सारखा होतो आणि टरफल सुटं व्हायला लागतं. तू ड्रायरमध्ये एका दमात वाळवलंस. बाहेरून दाणा आकसला, आत ओला राहिला, त्याला बारीक तडे गेले आणि रोलरवर चढल्यावर तुकडा झाला. चांगल्या मिनी मिलमध्ये क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते. तुझ्या त्या दोन लॉटला किती निघाली, हे तू मला लिहिलं नाहीस. मोजलीच नसेल अशी मला शंका आहे.

म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं उन्हाशिवाय डाळ करायची पद्धत काढली, तीतही धान्याला गरम हवा द्यायची आणि मग ते टाकीत मुरवत ठेवायचं, असंच आहे. म्हणजे म्हैसूरची टाकी आणि मावशींची ताडपत्री एकाच कामाच्या. तुझ्या मिलमध्ये हे ज्ञान होतं. यंत्र विकणाऱ्याला त्याची गरज माहीत नव्हती आणि तुला ते ज्ञान आहे हेच माहीत नव्हतं.

१९९० साली वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी एक मुद्दा मांडला होता. बाहेरून आलेल्या नव्या माहितीची किंमत ओळखणं, ती पचवणं आणि कामाला लावणं, ही कोणत्याही उद्योगाची ऐपत त्याच्याकडे आधीपासून असलेल्या ज्ञानावर ठरते. ते बोलत होते संशोधन विभाग असलेल्या अमेरिकी कारखान्यांबद्दल. दारव्ह्याच्या दाल मिलमध्ये संशोधन विभाग कुठून येणार? पण स्लॅब आहे, आणि त्यावर अनवाणी फिरत तूर पालटणाऱ्या बाया आहेत. विभाग म्हणायचा तर तोच.

यावर तू म्हणशील, मग गावाचं जुनं ते सगळं खरं आणि आम्ही शिकलो ते सगळं खोटं का? तसंही नाही. जुनं ज्ञान कधीकधी चांगलंच तोंडावर पाडतं, आणि हे मी स्वतः पडून शिकले आहे.

विसेक वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात मी बचत गटाला सोयाबीनचं दूध आणि पीठ करायला शिकवलं. आपल्याकडे सोयाबीन एवढं पिकतं आणि सगळं तेलाच्या कारखान्यांकडे जातं, याचं मला फार वाईट वाटायचं. तीन दिवसांचं प्रशिक्षण, फळ्यावर आकृत्या, शेवटच्या दिवशी फोटो. मी सांगितलं होतं की सोयाबीन आधी उकळत्या पाण्यात टाकायचं. का, ते सांगितलं नव्हतं. महिन्यानं गेले तर सगळं दूध गोठ्यात ओतलेलं. काय झालं होतं? बायांनी डाळ भिजवतात तसं सोयाबीन थंड पाण्यात भिजवून वाटलं होतं. आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं. सोयाबीनमध्ये एक विकर (एन्झाइम) असतं, ते थंड पाण्यात वाटताना जागं होतं आणि कच्चट, गवतासारखा वास सुटतो. उकळत्या पाण्यानं ते मरतं. एवढं एक वाक्य मी गाळलं आणि गटाचे अठरा हजार रुपये गेले. त्या गावात सोयाबीन चार हंगामांपासून शेतात होतं, पण एकाही स्वयंपाकघरात नव्हतं. नवीन गोष्टीला टेकायला भिंतच नव्हती, म्हणून ती डाळीच्या भिंतीला टेकली आणि घसरली. पुढे कित्येक महिने मला त्या गावात चहा विचारताना बाया हसायच्या, "ताई, सोयाबीनचा नाई ना?"

म्हणून तुला सांगते, तुझी अडचण माझ्यापेक्षा सोपी आहे. तुझ्या गावाला तूर माहीत आहे.

मानसिकता हा शब्द मात्र मला तुझ्या पत्रात खटकला. बाबांची मानसिकता म्हणतोस ती जरा उलगडून बघ. शेतकरी तुझ्याकडे जी तूर आणतो ती बाजाराची नसते. घरची, वर्षाची, निवडून ठेवलेली असते. त्यातूनच लेकीकडे गाठोडं जातं, पुण्याला शिकणाऱ्या पोराकडे जातं, तेराव्याला आणि लग्नाला तीच शिजते. तिचा तुकडा झाला तर त्या घरात वर्षभर रोज जेवताना तुझ्या बापाचं नाव निघणार. कंपनीत एक बॅच खराब झाली तर स्क्रॅपमध्ये जाते, इथे ती ताटात येते. त्यात तू कर्ज काढलंस. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कर्ज या शब्दानं कोणत्या घरात काय झालं, हे तुझ्या बाबांनी गेल्या पंचवीस वर्षांत जवळून पाहिलेलं आहे. त्यांना ऊन फुकट मिळतं याचं कौतुक नाही. चुकीची किंमत कोण भरणार, याचा त्यांनी हिशेब केलेला आहे. आणि ती किंमत त्यांनी भरलीही, घरच्या डाळीनं.

गाव अडवतं कुठे, तेही बोलते. पारावर चुकलेल्या माणसाची गोष्ट दहा वर्षं चघळली जाते, त्यामुळे कोणी लहान प्रयोगसुद्धा उघड्यावर करत नाही. केला तर एकदम मोठा करतात, तुझ्यासारखा, आणि पडले तर मोठ्यानं पडतात. शेजारच्या गावचा दाल मिलवाला आपली युक्ती सांगत नाही आणि आपणही त्याला विचारत नाही, कारण विचारणं म्हणजे कमीपणा. कामावरची बाई कोणत्या वस्तीतली आहे, यावर तिचं बोलणं ऐकायचं की नाही ते ठरतं. हे असं आहे, आणि यात मला कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही.

तरी याच मुलखात नांदेडचे दादाजी खोब्रागडे झाले. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे, चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात आहे ते. शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली पटेल-३ जातीच्या धानात त्यांना थोड्या लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, परत निवडल्या, परत पेरल्या. त्यातून बारीक तांदळाची जात निघाली आणि तेव्हाच्या एचएमटी घड्याळावरून तिचं नाव एचएमटी पडलं. लोक ही गोष्ट तीव्र नजरेची म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो : मूठभर बी, एक कोपरा, आणि कित्येक हंगाम. सगळं शेत त्यांनी पहिल्याच वर्षी पणाला लावलं नाही. ते लावलं असतं तर जमीन एवढीशी असलेल्या माणसाला दुसरं वर्ष बघायलाच मिळालं नसतं. २०१८ साली ते गेले.

तर तुझा कोपरा पाच किलोचा ठेव. स्वतःची तूर घे, गिऱ्हाइकाची नको. पाच किलो ड्रायरमध्ये, पाच किलो स्लॅबवर. ड्रायरमधली दोन टप्प्यांत वाळव आणि मध्ये एक रात्र रास करून झाक. तापमान किती ठेवायचं ते मी सांगणार नाही, तुझं यंत्र आणि तुझ्याकडची तूर मी पाहिलेली नाही. मावशींच्या दाढेखाली टक्क वाजेल तेव्हा आकडा लिहून घे. डाळ किती, तुकडा किती, चुरी किती, तिन्ही तोल. असे दहा लॉट होऊ देत. मावशींना लिहिता येत नसेल तर त्यांचं म्हणणं मोबाईलवर त्यांच्याच आवाजात भरून ठेव. "आज वारा होता म्हणून लवकर झाली" असलं वाक्य तुझ्या वहीत कधीच येणार नाही, त्यांच्या बोलण्यात येईल. आणि या कामाचे पैसे वेगळे दे. पालटण्याची मजुरी वेगळी, पारखीचा मोबदला वेगळा. पैसे मिळाले की त्या मशीनला हात लावतील की नाही ते बघ. आत्ता काही बिघडलं तर बोल कोणाला लागणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आणखी एक. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा तू ऐकलं असशील. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते. त्या गावात ग्रामसभा निर्णय घेते, तोही सर्वसहमतीनं. पण तिच्या बाजूला अभ्यास गट असतो. तिथे बाहेरचा माणूसही बसू शकतो, कायदा, मध, बांबू, काय वाटेल त्यावर बोलणं होतं, आणि निर्णय मात्र कोणताच घ्यायचा नसतो. हे मला फार हुशारीचं वाटतं. निर्णय घ्यायचा नसला की कोणी हरत नाही, त्यामुळे माणसं मोकळं बोलतात. तुझ्या घरात शिकणं आणि ठरवणं एकाच बैठकीत होतं, आणि ती बैठक बहुधा जेवताना होते. आठवड्यातून एक संध्याकाळ मिल बंद झाल्यावर बस. बाबा, पाचही बाया, तू, आणि जमलं तर तो भांडायला आलेला एक शेतकरी. चहा आणि आलुबोंडे तुझ्याकडून. त्या दिवशी काहीही ठरवायचं नाही, एवढा एकच नियम.

विजेचं म्हणशील तर तुला आवडणार नाही असं बोलते. थर्मोस्टॅटसाठी अकरा दिवस थांबावं लागणारं यंत्र तुझ्या गावासाठी केलेलं नाही. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. अटी वाचण्यासारख्या होत्या : किंमत दीडशे रुपयांच्या आत, बाईला फार न थकता आठ तास चालवता यावा, आणि दुरुस्ती-देखभालीचा खर्च अगदी कमी असावा. शंभर वर्षं होत आली, पण यंत्र घेताना तिसरी अट आजही कोणी विचारत नाही. तुझ्याकडे डिप्लोमा आहे, गावात वेल्डिंगचं दुकान असणार, आणि तुराट्यांचे, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचे ढीग तर बांधावर पडलेलेच असतात. तुराट्यांवर चालणारी भट्टी, धूर नळीतून बाहेर, आणि त्या नळीवरून तापून गेलेली स्वच्छ हवा तुझ्या ड्रायरच्या पेटीत; असं काही जमतं का बघ. धुराचा वास डाळीला लागला तर मात्र परत भांडण. वर्ध्याला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. पीकेव्ही मिनी दाल मिल याच अकोल्याच्या विद्यापीठाची, तुझ्या बाबांकडची बहुधा तीच असेल. दोन्हीकडे जा. एकटा जाऊ नकोस, बाबांना आणि त्या दाढेवाल्या मावशींना घेऊन जा. तू एकटा गेलास तर माहितीपत्रक घेऊन येशील. मावशी गेल्या तर तिथल्या इंजिनिअरला असा प्रश्न विचारतील की त्यालाही विचार करावा लागेल. हा अनुभव मी घेतलेला आहे, आणि त्या इंजिनिअरचा चेहरा अजून आठवतो.

कर्ज काढायचंच तर पुढच्या वेळी आधी तालुका कृषी कार्यालयात विचार. २०२० साली सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली, तिच्यात कर्जाला जोडून ३५ टक्के अनुदान होतं. आत्ता काय चालू आहे ते तिथेच कळेल. अनुदान आहे म्हणून यंत्र घ्यायचं नाही, एवढं सांगून ठेवते.

पाकिटांबद्दल फार बोलत नाही. ज्या गावात घरोघरी कणगीत, कोठीत, डब्यात वर्षाची डाळ भरलेली आहे, तिथे अर्धा किलो कोण घेणार? पण तेच लोक दर दिवाळीला, दर उन्हाळ्यात पुण्या-नागपूरच्या पोरांसाठी जुन्या पिशवीत डाळ बांधतात, सुतळीनं तोंड आवळतात आणि एस्टीच्या डिक्कीत टाकतात. निम्म्या वेळा ती पिशवी फाटते. ज्याची तूर त्याला त्याचीच डाळ पाच-पाच किलोच्या मजबूत पिशवीत भरून, शिवून दे. पिशवीवर मिलचं नाव बारीक, आणि गावाचं व शेतकऱ्याचं नाव मोठं. भरडाईवर चार रुपये जास्त घे. पोराच्या पुण्यातल्या खोलीतला मित्र ती डाळ खाईल आणि विचारेल की कुठली आहे. मग तुझी रंगीत पाकिटं काढायची वेळ येईल. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र त्याआधी करून घे.

मिल विकायची की नाही, याचं उत्तर आज देत नाही. तुरीची सवंगणी होऊन पहिला माल तुझ्या दारात यायला अजून वेळ आहे. दहा लॉट करून बघ, वही आणि ते आवाज घेऊन मला परत लिही. नागपूर कुठे जात नाही.

आणि ड्रायरवरची पोती आजच उतरव. पोत्यात उंदीर घर करतात आणि आधी वायर खातात.